लहान मोटारीला मोठी चाके: टायर घासू नये म्हणून

कोल्हापुरात गॅरेज किंवा टायरचे दुकान चालविणाऱ्या आपल्या बांधवांकडे लहान मोटारीला मोठे अलॉय रिम मागणारे गिऱ्हाईक येतच असते. रिम वाढला तरी टायरचा बाहेरचा व्यास तेवढाच राहिला पाहिजे, सगळा हिशेब इथेच आहे.

मारुती अल्टो 800 घ्या. 2023 मध्ये ती बंद झाली, तरी रस्त्यावर पुष्कळ आहेत. मूळ टायर 145/80 आर 12. रुंदी 145 मि.मी., तिच्या 80 टक्के उंची म्हणजे 116. वरची-खालची मिळून 232, त्यात 12 इंची रिमचे 305, व्यास 537. याच रीतीने 155/65 आर 13 चा 532 येतो. तो बिनधास्त बसवावा. 2010 च्या अल्टो के 10 ला कंपनीनेच हे माप दिले होते. 175/65 आर 14 मात्र 583 भरतो. तो घासणारच, शिवाय काटा 60 दाखवील तेव्हा गाडी 65 वर असेल!

दुसरी गोष्ट ऑफसेट, म्हणजे रिमच्या मध्यरेषेपासून हबला टेकणारी बाजू किती बाहेर आहे ते. तो कमी पडला की चाक बाहेर येऊन मडगार्डच्या कडेला लागते, जास्त झाला की आत शॉकअबसॉर्बरला. बोल्टची भोके जुळली की काम झाले, असे मानणारे मिस्त्री आम्हाला पटत नाहीत.

रिकाम्या गाडीची चाचणी फसवी असते. चार माणसे बसवा, स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवा, गतिरोधकावरून न्या. मग मडगार्डच्या आत हात फिरवा. काळी रेघ उमटली असेल तर गाडी गगनबावड्याच्या घाटाला लागण्यापूर्वी रिम उतरवा. पत्रा ठोकून जागा करू नका.