पेटींतला लवणसमुद्र

जंबुद्वीपास लवणसमुद्राचा वेढा आहे असें पुराणें सांगतात. पण नरडाण्याच्या मुलांना तो पाहावयाचा तर सुरतेची गाडी धरावी लागते. तेव्हां समुद्रच घरीं आणावा, असा हट्ट आमच्या नववींतील नातीनें धरला, आणि गेल्या पौषांत साठ लिटरांची कांचेची पेटी माजघरांत येऊन बसली.

पाण्यांत स्वयंपाकाचें मीठ टाकलें कीं समुद्र झाला, असें पुष्कळांस वाटतें. तसें नाहीं. लिटरभर समुद्रजलांत सुमारें 35 ग्रॅम क्षार असतात. त्यांत साध्या मिठाचा भाग मोठा खरा. परंतु मॅग्नेशियम, चुना, पोटॅश, गंधक ह्यांचे अंश प्रमाणांत नसतील तर कांहींच तग धरीत नाहीं. म्हणून बाजारचें तयार मिश्रण क्षाररहित पाण्यांत विरघळवावें. आमच्या विहिरींचें जड पाणी येथें उपयोगी नाहीं.

1846 सालीं ॲना थिन ह्या बाईंनीं समुद्रकांठचे प्रवाळ लंडनला आपल्या घरीं आणले. पाणी ताजें राहावें म्हणून त्यांची मोलकरीण तें रोज खिडकीपाशीं ह्या भांड्यांतून त्या भांड्यांत ओतीत बसे. पुढल्या वर्षीं बाईंनीं समुद्रवनस्पती आणून सोडल्या. प्रकाशांत वनस्पती प्राणवायु देतात आणि जीवांचा मळ शोषून घेतात. पेटीवर आठ-दहा तास दिवा लावावयाचा तो ह्याचसाठीं.

समुद्रांतील सारेंच हिरवें म्हणजे शेवाळ नव्हे. सागरी गवताला खरीं मुळें असतात, तें पाण्याखालींच फुलतें, आणि त्याचे परागही पाणीच वाहून नेतें. कोंकणच्या खाड्यांत हॅलोफिला नांवाचें इवलेंसें गवत चिखलांत वाढतें. त्याची एक जात जगांत विरळ होत चालली आहे. तें उपटून आणूं नये. आम्हीं मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडून कॉलर्पा नांवाचें शेवाळ मूठभर आणविलें. दिसावयास वेल, पानें, मुळें सर्व कांहीं. पण ती सबंध वेल म्हणजे एकच पेशी, आंत एकही आडभिंत नाहीं!

वैशाख आला. खानदेशचा उन्हाळा वर्णावयास नको. पाणी तापूं नये म्हणून पंखा लावला, तर रोज दीड लिटर पाणी उडूं लागलें. मी इमानेंइतबारें तितकेंच खारें पाणी करून भरीत गेलों. दहाव्या दिवशीं फांद्या पांढऱ्या पडूं लागल्या. नात म्हणाली, "आजोबा, वाफ झाली ती पाण्याची, मीठ कुठें उडालें?"

तीस वर्षें बाष्पीभवन शिकविणारा मी गप्प राहिलों. मग हिशेब मांडला: पंधरा लिटरांबरोबर 525 ग्रॅम जादा क्षार गेले होते, लिटरमागें 35 चे सुमारें 44 झाले होते. एकदम गोडें पाणी ओततों तर उरलेलेंही मरतें. रोज दोन लिटर खारें काढून तितकेंच क्षाररहित पाणी घातलें, उडालेल्याची भरपाईही त्याच पाण्यानें केली. आठवड्यानें घनतामापक 1.026 वर आला. एका तुकड्यास नवी पालवी फुटली.

छाटलेलें शेवाळ मात्र वाळवूनच टाकावें. ह्याच कुळांतलें एक 1984 सालीं मोनॅकोच्या सागरसंग्रहालयाखालीं समुद्रांत सांपडलें, तें पुढें भूमध्य समुद्राच्या तळावर दूरवर पसरलें.

आतां पेटीच्या कांचेवर एक रेघ ओढली आहे. पाणी रेघेखालीं गेलें कीं नात गोडें पाणी घालते. मला हात लावूं देत नाहीं.