एकाच पातेल्यात कोलंबी-सोड्यांचा भात

बाजार, शेत किंवा गटाची बैठक आटोपून घरी यायचं आणि मग भात वेगळा, कालवण वेगळं, तळण वेगळं करायचं, यात संध्याकाळ निघून जाते. गॅसही जास्त जळतो. म्हणून आज आम्ही एकाच पातेल्यात होणारं पोटभर जेवण सांगणार आहोत.

नवी मुंबई शहर सिडकोने १९७० नंतर वसवलं. पण दिवाळे, सारसोळे, वाशीगाव ही खाडीकाठची आगरी-कोळी गावं त्याआधीपासूनची. अशा घरांत ताज्या कोलंबीसोबत सोडेही असतात. सोडे म्हणजे सोलून उन्हात वाळवलेली कोलंबी. जून-जुलैत यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, तेव्हा हेच कामी येतात. अमेरिकेच्या दक्षिणेत, लुइझियाना राज्यात, जांबालाया नावाचा असाच भात करतात. त्यात कोलंबीबरोबर मांसाचं मसालेदार सॉसेज घालतात. गोव्यात चोरिसाचा पुलाव होतो. टिकवलेल्या मांसाचा खमंगपणा भातात उतरवायचा, ही युक्ती तीच. आपल्याकडे ते काम सोडे करतात.

पाच माणसांसाठी साहित्य: तांदूळ ३ वाट्या, सालासकट कोलंबी अर्धा किलो, सोडे अर्धी वाटी, कांदे ३, बटाटे २, आलं-लसूण-मिरची-कोथिंबिरीचं वाटण ३ चमचे, हळद १ चमचा, घरचा आगरी-कोळी मसाला २ चमचे, कोकमं ५, तेल ४ मोठे चमचे, तमालपत्र, लवंगा, मीठ.

कोलंबी घेताना साल चकचकीत आणि डोकं घट्ट बसलेलं पाहा. उग्र, नाकात जाणारा वास आला तर घेऊ नका. डोकं आणि साल काढा, पाठीवरचा काळा धागा ओढून टाका, धुऊन अर्धी हळद आणि मीठ लावून ठेवा. डोकी आणि सालं फेकू नका. धुऊन ७ वाट्या पाण्यात दहा मिनिटं उकळा आणि गाळून घ्या. भातासाठी हेच पाणी वापरायचं. सोडे कोमट पाण्यात पंधरा मिनिटं भिजवा आणि वाळू जाईपर्यंत दोन-तीनदा धुवा.

आता त्याच पातेल्यात तेल तापवा. तमालपत्र, लवंगा आणि कांदा घाला. कांदा लालसर झाला की सोडे घालून खमंग वास सुटेपर्यंत परता. मग वाटण, उरलेली हळद, मसाला, बटाट्याच्या फोडी आणि धुतलेले तांदूळ घालून दोन मिनिटं परता. गाळलेलं गरम पाणी ६ वाट्या मोजून ओता. सोडे खारट असतात, म्हणून पाणी चाखूनच मीठ घाला. झाकण ठेवून मध्यम आचेवर शिजवा.

कोलंबी आणि कोकम शेवटी घालायचं. आंबट आधी पडलं तर बटाटा लवकर शिजत नाही. कोलंबी आधी पडली तर रबरासारखी होते. पाणी आटून भातावर भोकं दिसू लागली की कोलंबी वर पसरा, कोकमं खोचा, झाकण लावा, आच मंद करा. पाच-सहा मिनिटांत करडी कोलंबी गुलाबी-पांढरी होते. चंद्रकोरीसारखी वळली की झाली. घट्ट वेटोळं झालं तर जास्त शिजली. गॅस बंद करून दहा मिनिटं झाकून ठेवा.

गटाच्या स्टॉलवर हा भात विकणार असाल तर कच्ची कोलंबी शेवटपर्यंत बर्फात ठेवा आणि भात विक्रीच्या वेळेलाच करा. शिजलेला भात दोन तासांपेक्षा जास्त वेळ बाहेर ठेवू नका. काहींना कोलंबी सोसत नाही. अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, श्वास लागतो. म्हणून गिऱ्हाइकाला आधीच सांगा, "यात कोलंबी आणि सोडे आहेत." कुणाला असा त्रास झालाच तर लगेच दवाखान्यात न्या.

शेवटची गोष्ट वाढण्याची. कालवणातले तुकडे आधी पुरुषांना, मग मुलांना जातात आणि शेवटी बसणाऱ्या बाईच्या ताटात नुसता रस्सा येतो. १०० ग्रॅम सोललेल्या कोलंबीत सुमारे २० ग्रॅम प्रथिनं असतात. दिवसभर राबणाऱ्या बाईला ती तितकीच हवीत. या भातात मागे थांबून पोळ्या लाटायच्या नसतात, की काही तळायचं नसतं. म्हणून पातेलं मध्ये ठेवा, सगळी ताटं एकदम वाढा, प्रत्येकीच्या ताटात कोलंबी सारखी पडू द्या, आणि वाढणारीनेही सगळ्यांबरोबरच जेवायला बसावं.

या आठवड्यात करून बघा आणि पुढच्या बैठकीत गटातल्या मैत्रिणींना सांगा.