डबलसीट उदयनगर

आमच्या घरी दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी एक ठरलेला कार्यक्रम असतो. सकाळी सातला मी मोटरसायकल बाहेर काढायची, बाबांनी मफलर गुंडाळून मागे बसायचं आणि आम्ही इंदूरहून उदयनगरला जायचं. बाबांची शिक्षक म्हणून पहिली नेमणूक उदयनगरची. त्या काळचे त्यांचे एक सहकारी आजही तिथेच राहतात. आता त्यांना अंथरुणातून फारसं उठवत नाही, त्यामुळे भेटायला बाबांनाच जावं लागतं. घरी कार आहे, पण घाटाच्या वळणांवर बाबांना कारमध्ये मळमळतं. मोटरसायकलवर वारा लागतो, त्यामुळे तो त्रास होत नाही. म्हणून डबलसीट.

दोन वर्षांपूर्वी बाबांच्या कमरेच्या मणक्यांचं दुखणं निघालं. सहा महिने जाणं बंद. मग डॉक्टरांनी परवानगी दिली, पण एक वाक्य जोडून: "धक्के बसता कामा नयेत." परवानगीनंतरच्या पहिल्याच फेरीत पेडमीच्या पुढे एका खड्ड्यात मागून ठक्क असा आवाज आला आणि बाबांनी माझा खांदा घट्ट धरला. बोलले काहीच नाहीत. घरी आल्यावर मात्र आईला हळूच म्हणाले, "पुढच्या महिन्यापासून फोनवरच बोलेन म्हणतो."

मी बीई झालेला, सॉफ्टवेअरमध्ये काम करणारा माणूस. बिघाड दिसला की तो शोधल्याशिवाय चैन पडत नाही. मागचे शॉकर बदलायचे, असं त्याच रात्री ठरवलं. आपण इंदूर-देवासवाले 'शॉकर' म्हणतो, पुण्याचा मावसभाऊ 'शॉकअप' म्हणतो. वस्तू एकच.

आधी केलेली चूक

मोठ्या गाडीला बसवतात तसे जाडजूड स्प्रिंगचे, दिसायला झकास शॉकर मी ऑनलाइन मागवले. किंमत सांगत नाही, कारण हा अंक बायकोही वाचते. मनातलं गणित सोपं होतं: धक्का बसतो म्हणजे स्प्रिंग कमजोर, म्हणून सगळ्यांत दणकट स्प्रिंग घ्या. त्यात ते मूळ शॉकरपेक्षा वीसेक मिलिमीटर लांब निघाले. गाडी मागून उंच झाली, साइड स्टँडवर जास्तच कलायला लागली आणि बाबांना पाय टाकून बसायला ओट्याचा आधार घ्यावा लागला. कॉलनीतला पहिला गतिरोधक ओलांडताच ते म्हणाले, "अरे, ही बैलगाडी आहे का?" आम्ही परत फिरलो.

मग मी जुन्या इंदुरातल्या एका वयस्कर मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी शॉकरला हातसुद्धा लावला नाही. आधी टायरमधली हवा तपासली, मग मागचं चाक धरून आडवं हलवून स्विंगआर्मचे बुश पाहिले आणि शेवटी विचारलं, "भैया, नाप लिया था?" मी गप्प. रोजच्या कामात मोजल्याशिवाय एक ओळ न बदलणारा मी, इथे नुसता फोटो बघून पैसे भरून मोकळा झालो होतो.

शॉकर करतो तरी काय?

शॉकरमध्ये दोन वेगळी कामं करणारे दोन भाग असतात. बाहेरची स्प्रिंग वजन तोलते आणि खड्ड्याचा धक्का स्वतःत साठवते. पण साठवलेलं ती परत देते. एकटी स्प्रिंग असती तर गाडी प्रत्येक उंचवट्यानंतर चार-पाच वेळा उड्या मारत राहिली असती. ते थांबवायला आतल्या नळीत तेल आणि पिस्टन असतो. पिस्टनच्या बारीक छिद्रांतून तेल ढकललं जातं आणि धक्क्याची ऊर्जा उष्णतेत बदलते. खराब रस्त्यावरून आल्यावर शॉकर कोमट लागतो तो याचमुळे. हे डॅम्पिंग.

सतत आदळआपट झाली की तेलात फेस होतो, आणि फेसाला धड रोध करता येत नाही. यावर बुर्सिये द कार्बों या फ्रेंच अभियंत्याने 1950 च्या दशकात उपाय काढला: तेल दाबाखालच्या वायूने दाबून ठेवायचं. जाहिरातीत आपण 'गॅस शॉकर' वाचतो तो हाच प्रकार, आणि आतला वायू बहुधा नायट्रोजन. म्हणजे गॅस गादीचं काम करत नाही, तेलाला फेसाळू देत नाही.

आपल्या भागाशी याचं नातंही आहे. मुंबईत मुलुंडला 1961 मध्ये सुरू झालेल्या गॅब्रिएल इंडियाचा एक कारखाना देवासला आहे. कुमार गंधर्वांच्या देवासातून शॉकरही देशभर जातात, हे मला या खटाटोपात कळलं.

टेप, खडू आणि बाबा

मिस्त्रींनी सांगितलेलं मोजमाप कुणालाही घरी करता येतं. मूळ शॉकर परत लावले. गाडी डबल स्टँडवर घेऊन मागचं चाक हवेत ठेवलं. चाकाच्या आसापासून सीटखाली खडूने केलेल्या खुणेपर्यंतचं अंतर टेपने मोजलं. मग गाडी जमिनीवर घेऊन मी बसलो आणि आईने तेच अंतर मोजलं. शेवटी बाबांना मागे बसवून पुन्हा मोजलं.

माझ्या गाडीचं मागचं चाक एकूण 80 मिलिमीटर वर-खाली होऊ शकतं. मी एकटा बसलो की ती 24 मिलिमीटर खाली बसत होती. रस्त्यावरच्या गाडीला एकूण हालचालीच्या साधारण एक तृतीयांशाच्या आत बसणं योग्य मानतात, म्हणजे हे ठीक. बाबा बसल्यावर आकडा झाला 43. अर्ध्याहून जास्त हालचाल गाडी उभी असतानाच संपली! उरलेल्या 37 मिलिमीटरमध्ये मोठा खड्डा मावत नव्हता. शॉकर तळाला जाऊन रबरावर आदळायचा. तो ठक्क आवाज त्याचाच होता.

यामागचं कारण साधं आहे. चालवणाऱ्याचं वजन दोन्ही चाकांवर वाटलं जातं, मागे बसलेल्याचं जवळजवळ सगळं मागच्या चाकावर येतं. बाबांचे 64 किलो माझ्या 78 किलोंपेक्षा मागच्या शॉकरना जड पडतात ते यामुळे.

आता माझे महागडे शॉकर. त्यांवर आम्ही दोघं बसूनही गाडी जेमतेम 18 मिलिमीटर दबली. स्प्रिंग इतकी कडक की छोटा उंचवटा ती गिळतच नव्हती, सरळ बाबांच्या कमरेला पाठवत होती. मऊ स्प्रिंग तळाला जाऊन मारते, कडक स्प्रिंग वरच्या वर मारते. बसणाऱ्याला दोन्ही सारखंच दुखतं.

शॉकरच्या तळाशी पायऱ्यांची एक कडी असते. आकड्यासारख्या पान्याने ती फिरवली की गाडी थोडी वर येते. ती फिरवली की स्प्रिंग कडक होते असं अनेकांना वाटतं, मलाही वाटायचं. पण तिने फक्त स्प्रिंगवरचा आरंभीचा दाब, म्हणजे प्रीलोड, वाढतो. स्प्रिंग तीच राहते. शेवटच्या पायरीवर आमचा 43 चा आकडा 35 वर आला. फुकटात एवढा फरक! तुमचं डबलसीट जाणं अधूनमधूनचं असेल तर कदाचित एवढंच पुरेल.

आमच्यासाठी पुरेसं नव्हतं. मिस्त्रींनी मूळ लांबीचेच, थोड्याच जास्त ताकदीच्या स्प्रिंगचे आणि उसळी कमी-जास्त करता येणारे शॉकर सुचवले. लांबी, वरच्या-खालच्या डोळ्यांचं माप आणि बुश तपासून, जोडीनेच बदलले. कधीही एकच बदलू नका, गाडी तिरकी ओढते. आता दोघं बसून, प्रीलोड लावून, गाडी 28 मिलिमीटर दबते. 80 पैकी 28. मूळ स्प्रिंगपेक्षा ही कडक आहे, तरी बाबांना मऊ लागते, कारण आता चाकाला हलायला जागा उरते.

काळ्या मातीचा रस्ता

उसळीचं गणित रस्त्यावरच जुळवावं लागलं. माळव्याची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि वरचा डांबरी रस्ता तिच्याबरोबर लाटांसारखा होतो. पहिल्या फेरीत अशा लाटांवर गाडी झुल्यासारखी उठत होती. थांबून दोन्ही बाजूंचा रिबाउंडचा स्क्रू दोन खटके घट्ट केला. एका लाटेनंतर गाडी एकदाच वर येऊन स्थिरावली. आणखी एक खटका घट्ट केल्यावर मात्र लागोपाठच्या खड्ड्यांत शॉकर पूर्ण उघडायच्या आत पुढचा धक्का येऊ लागला, म्हणून तो खटका परत सैल केला. प्रत्येक वेळी एकच बदल आणि एक कागद, ही सवय कामातून आलेली, इथे कामी आली.

शॉकरने सगळं होतं असंही नाही. माणसाच्या शरीराला सेकंदाला साधारण 4 ते 8 वेळा होणारी उभी कंपनं सर्वांत जास्त जाणवतात, आणि खडबडीत रस्त्यावर वेग वाढला की तसली कंपनं वाढतात. म्हणून वेग पन्नाशीच्या आत, टायरमध्ये कंपनीने डबलसीटसाठी सांगितलेली हवा आणि अर्ध्या तासाने उतरून चार पावलं. दुखणं असेल तर आधी डॉक्टरांना विचारणं. हे पहिलं, शॉकर नंतर.

आम्ही त्या दिवशी साडेनऊला उदयनगरला पोहोचलो. बाबा उतरले आणि माझी वाट न बघता गल्लीत चालूही लागले. मित्राच्या खाटेजवळ दोन तास बसले. जुन्या हजेरीतली नावं दोघं मिळून आठवत होते, एकाला आठवलं नाही तर दुसरा सांगत होता. मी अंगणात बसून ऐकत होतो. निघताना त्या काकांनी बाबांचा हात सोडलाच नाही बराच वेळ.

परतताना बाबांनीच सांगितलं, "कावडिया पहाडाकडे वळव." लाव्हा थंड होताना बनलेले ते बसाल्टचे खांब, दगडाने ठोकले तर धातूसारखे वाजतात. पूर्वी ते पोरांना तिथे सहलीला न्यायचे. त्यांनी वाकून एक दगड उचलला, खांबावर वाजवला आणि कान देऊन ऐकला. वाकलेले बघून मी पुढे झालो, तर म्हणाले, "काही नाही रे, ठीक आहे."

तुमच्यापैकी कुणी आई-बाबांना, आजोबांना मागे बसवून नेत असेल, तर या रविवारी दहा मिनिटं काढा. टेप घ्या, खडू घ्या आणि त्यांना गाडीवर बसवून मोजा. खर्च करायचा की नाही, ते त्यानंतर ठरवा. आणि माझे ते झकास, लांब शॉकर अजून डब्यात पडून आहेत. कुणाला हवे असतील तर कळवा, पण आधी माप सांगा!