साडेचार एकरांचा रुबाब

भारत आणि युरोपीय महासंघाच्या व्यापार कराराची घोषणा २७ जानेवारी २०२६ला झाली आणि बाकी सगळं सोडून आपल्याकडे चर्चा रंगली ती वाईनची. आयात शुल्क १५० टक्क्यांवरून आधी ७५ वर, मग टप्प्याटप्प्यानं २० ते ३० टक्क्यांवर. धरमपेठेपासून सिव्हिल लाइन्सपर्यंतच्या हौशी मंडळींनी आता फ्रेंच बाटल्यांचे हिशेब मांडायला सुरुवात केली असेल, तर एक गोष्ट आधीच सांगून टाकलेली बरी. ज्या बाटल्यांच्या किमती ऐकून डोळे पांढरे होतात, त्या या करारानं स्वस्त होणार नाहीत. त्यांची किंमत शुल्कामुळे वाढलेलीच नाही.

मग कशामुळे? १३ ऑक्टोबर २०१८ला न्यूयॉर्कमध्ये सदबीजच्या लिलावात रोमाने-कोंतीची १९४५ सालची एक बाटली ५ लाख ५८ हजार डॉलरला गेली. तेव्हाच्या दरानं चार कोटींच्या वर. अंदाज होता ३२ हजार डॉलरचा. थोड्या वेळानं त्याच सालची दुसरी बाटली आली, ती ४ लाख ९६ हजारांना गेली. आत होती पाऊण लिटर द्राक्षाची दारू, दुसरं काही नाही.

ही वाईन ज्या शेतात होते ते फ्रान्सच्या बर्गंडी भागात आहे. क्षेत्र १.८१ हेक्टर, म्हणजे साडेचार एकर. काटोल-नरखेडकडे साडेचार एकरवाल्याला कुणी मोठा बागायतदार म्हणणार नाही. वर्षाला पाच-सहा हजार बाटल्या निघतात, वाईट वर्षी त्याहून कमी. आसपासच्या शेतांत तीच पिनो न्वार जातीची द्राक्षं आहेत, हवा तीच, पाऊस तोच. पण त्यांतल्या बहुतेकांची वाईन याच्या कितीतरी पट कमी भावानं विकली जाते. मध्ययुगापासून तिथल्या मठांतल्या साधूंनी कुठल्या तुकड्याची वाईन कशी निघते हे पाहून बांध पक्के केले आणि पुढे फ्रेंच कायद्यानं त्या बांधांवर शिक्का मारला. नाव मालकाचं नाही, शेताचं आहे. कितीही पैसा असला तरी शेजारचं वावर विकत घेऊन त्याला ते नाव देता येत नाही. कायदा उताराही ठरवून देतो. हेक्टरी मर्यादेपेक्षा जास्त माल काढला तर नाव गमवावं लागतं. आपल्याकडे एकरी इतके टन काढले म्हणून सत्कार होतो; तिथे त्याच कारणासाठी नाव जातं.

संत्र्याच्या बागायतदाराला यातलं निम्मं आपोआप कळेल. अंबिया बहारासाठी आपण डिसेंबर-जानेवारीत झाडाचं पाणी तोडून ताण देतो, कारण सुखात वाढलेलं झाड नुसता पाला काढतं. बर्गंडीतली चुनखडीची जमीन वेलीला हा ताण फुकटात देते आणि सिंचनाला तिथे बहुतेक ठिकाणी मनाईच आहे. फरक पुढचा आहे. नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकन मिळालं २०१४ला, पण रस्त्यावरच्या गाडीवर किन्नूसुद्धा 'नागपुरी' म्हणून खपतो आणि कुणाला त्याचं सोयरसुतक नसतं. फ्रान्समध्ये नावाची चोरी हा गुन्हा मानतात आणि त्यामागे लागणारी माणसंही असतात.

१९४५च्या बाटलीत आणखी एक गोष्ट होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फिलॉक्सेरा नावाच्या किडीनं युरोपातल्या द्राक्षबागा मुळासकट खाल्ल्या. उपाय एकच होता, अमेरिकी खुंटावर कलम करायचं. रोमाने-कोंतीच्या मालकांनी मात्र जमिनीत रसायन टोचत, हट्टानं जुन्या वेली स्वतःच्या मुळांवर जगवल्या. महायुद्धात ना रसायन मिळालं, ना माणसं. १९४५च्या हंगामात जेमतेम सहाशे बाटल्या निघाल्या आणि वेली उपटून टाकाव्या लागल्या. नव्या लागवडीची पहिली वाईन आली थेट १९५२ला. म्हणजे ती बाटली एका संपलेल्या बागेचा शेवटचा माल होती. जी गोष्ट पुन्हा करताच येत नाही, तिचा भाव कोण ठरवणार? ज्याला सोडवत नाही, तो.

चांगली लाल वाईन आम्लता आणि टॅनिन यांच्या जोरावर दशकानुदशकं टिकते, मऊ होत जाते, तिचा वास बदलत जातो. पण प्रत्येक वाढदिवसाला, प्रत्येक मेजवानीत एक बाटली उघडली जाते आणि जगातला साठा एकानं घटतो. मागणी वाढवायला मग नवे श्रीमंत पुरेसे असतात. हाँगकाँगनं २००८ला वाईनवरचं शुल्क शून्यावर आणलं आणि दोन-तीन वर्षांत ते शहर लिलावांची राजधानी झालं. शातो लाफित या फ्रेंच वाईन घराण्यानं २००८च्या बाटलीवर चिनी लिपीतला आठचा आकडा उमटवला, आठ हा तिकडचा शुभ अंक, आणि भाव उसळले. बाटलीतली वाईन तीच होती.

चवीला मग किती महत्त्व? फ्रेडरिक ब्रोशे या संशोधकानं बोर्दोमध्ये ५४ विद्यार्थ्यांपुढे पांढरी वाईन लाल रंग घालून ठेवली, तर विद्यार्थ्यांनी तिचं वर्णन लाल वाईनच्याच शब्दांत केलं. माझं मत असं, की काही हजारांच्या पुढे मोजलेला प्रत्येक रुपया जिभेसाठी नसतो. तो बाटलीच्या कुळासाठी असतो, म्हणजे ती कुठल्या तळघरातून आली, किती हात फिरली, कोण शपथ घेऊन सांगतो यासाठी. सदबीजच्या त्या दोन बाटल्या बर्गंडीतल्याच रोबेर द्रूएँ या जुन्या व्यापाऱ्याच्या खासगी संग्रहातल्या होत्या. भाव फुटला त्याचं निम्मं कारण हेच असावं.

हा विश्वास किती नाजूक असतो, हे लॉराँ पोन्सोच्या गोष्टीतून कळतं. पोन्सो बर्गंडीतला वाईन उत्पादक. एप्रिल २००८ मध्ये त्याच्या कानावर आलं, की न्यूयॉर्कमधल्या एका लिलावात त्याच्याच घराण्याच्या 'क्लो सँ-दनी'च्या १९४५पासूनच्या बाटल्या निघणार आहेत. पोन्सो चक्रावला. त्या शेताची वाईन त्याच्या घराण्यानं करायला सुरुवातच केली होती १९८०च्या दशकात. नसलेल्या वाईनच्या बाटल्या आल्या कुठून? त्यानं फोन केला, बाटल्या मागे घ्यायला सांगितलं आणि तेवढ्यावर भरवसा न ठेवता स्वतः विमानानं न्यूयॉर्क गाठून लिलावाच्या दालनात जाऊन उभा राहिला. बाटल्या मागे घेतल्या गेल्या.

विकणारा होता रुडी कुर्नियावान, इंडोनेशियातून आलेला तिशीतला तरुण. २००६ला त्याच्या तळघरातल्या वाईनचे दोन लिलाव मिळून सुमारे ३५ दशलक्ष डॉलरचे झाले होते. अमेरिकेतले मातब्बर संग्राहक त्याच्या पंगतीला बसायचे. बाटल्या कुणाकडून घेतल्या, असं पोन्सोनं विचारलं तेव्हा त्यानं जकार्तातल्या एका माणसाचं नाव आणि दोन फोन नंबर दिले. एक नंबर निघाला विमान कंपनीचा, दुसरा एका मॉलचा. पोन्सो मात्र हटला नाही, वर्षानुवर्षं मागावर राहिला. मार्च २०१२ मध्ये रुडीच्या कॅलिफोर्नियातल्या घरावर छापा पडला, तेव्हा तिथे छापील लेबलांचे गठ्ठे, जुनी बुचं आणि कशात काय मिसळायचं याच्या नोंदी सापडल्या. घर कसलं, कारखानाच. २०१४ला त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. सगळ्यात गमतीची गोष्ट अशी, की त्याची बनावट वाईन पिऊन जाणकारांनी वाहवा केली होती. पकडणाऱ्यानं घोट घेऊन पकडलं नाही, साल तपासून पकडलं.

आता आपल्याकडचं. नाशिकमध्ये सुला या कंपनीची पहिली वाईन आली २०००ला. वेली तिथे थंडीत झोपत नाहीत. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी आणि जानेवारी ते मार्च काढणी. या वाईन बहुतांशी तरुणपणीच प्यायच्या, तशाच त्या केलेल्या असतात आणि त्यात कमीपणा काही नाही. संग्राहकाला लागतो अर्ध्या शतकाचा पुरावा, आणि नाशिकची वाटचाल अजून पाव शतकाचीच आहे. करारामुळे नाशिककर धास्तावलेत. पण त्यांची लढाई मधल्या भावातल्या युरोपीय बाटल्यांशी आहे, रोमाने-कोंतीशी नाही. अगदी स्वस्तातली वाईन तर सवलतीतून वगळलेलीच आहे.

नागपुरात संग्रह करायचा म्हटलं तर पहिला शत्रू मे महिना. वाईनला हवी १२-१३ अंशांची स्थिर थंडी. पारा पंचेचाळीसवर गेला की बाटलीतली वाईन फुगते, बूच वर सरकतं, हवा आत जाते आणि उरतं शिजवल्यासारखं काहीतरी. दुपारी वीज गेली तर महागडं वाईन-कपाटही उपयोगाचं नाही. दुसरी अडचण कायद्याची. परवान्याशिवाय दारू विकता येत नसल्यानं हौसेनं जमवलेली बाटली पुढे लिलावात काढायची सोय इथे नाही. म्हणून भारतातले काही संग्राहक आपला माल ब्रिटनमधल्या करमुक्त गोदामांतच ठेवून देतात. तिथून तो हलत नाही, फक्त कागदावर मालक बदलतो. आणि नागपूरहून वर्ध्याच्या दिशेनं निघालात तर तासाभरात दारूबंदीचा जिल्हा लागतो, तिथे चार कोटींची बाटली असो की चाळीस रुपयांची, पोलिसांसाठी एकच.

तेव्हा शुल्क उतरल्यावर फ्रेंच बाटली घरी आणलीत, तर नातवंडांसाठी जपून ठेवू नका. होळीच्या आत संपवा.