फिजिओथेरपी म्हणजे नुसता शेक नव्हे

सुरत : लिंबायत, उधना, डिंडोलीतला आपला खान्देशी माणूस कंबर धरली की आधी बाम चोळतो, मग मेडिकलमधून गोळी आणतो. तरी थांबलं नाही तर डॉक्टर फिजिओथेरपी लिहून देतात. दोन दिवस शेक घेतला, बरं वाटलं, की गडी पुन्हा पाळीवर हजर. महिन्याभरात कंबर पुन्हा धरते. मग म्हणायचं, "काही फायदा नाही त्याचा."

शेक, करंट ही फक्त पूर्वतयारी असते. दुखणं कमी झालं की व्यायाम करता येतो आणि खरा उपचार व्यायाम हाच. लूमवर बारा-बारा तास उभं राहून कंबरेवर ताण येतो, हिरे घासताना मान तासन्‌तास खाली असते. कोणता भाग आखडला, कोणता कमजोर पडला, हे तपासून फिजिओथेरपिस्ट व्यायाम ठरवतात. म्हणून शेजाऱ्याचा व्यायाम आपल्याला चालेलच असं नाही.

प्लास्टर निघाल्यावर, गुडघ्याच्या ऑपरेशननंतर, खांदा जाम झाल्यावर याचा उपयोग होतो. सगळ्यात जास्त गरज लकव्यात. पण आपल्याकडे पेशंटला सुट्टी मिळाली की ताप्ती लाइनच्या गाडीत बसवून नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेरकडे गावी नेतात. तिथे सेवा होते, पण व्यायाम सुटतो. हातापायात सुधारणा सर्वाधिक होते ती पहिल्या काही महिन्यांत, आणि नेमका तोच काळ वाया जातो.

गावी न्यायचंच असेल तर घरात जो सांभाळणार आहे, त्याने सुट्टीआधी सगळे व्यायाम समोर करून शिकून घ्यावेत. पेशंटला उठवताना लुळा हात ओढू नये, खांदा निखळू शकतो. गावी गेल्यावर जिल्हा रुग्णालयात फिजिओथेरपीची चौकशी करावी.

सुरतेत मजुरा गेटजवळच्या नवीन सिव्हिलच्या आवारात सरकारी फिजिओथेरपी कॉलेज आहे. महापालिकेचं स्मीमेर हॉस्पिटलही आहे. खासगीत जायचं तर बी.पी.टी. पदवी आहे का, हे बिनधास्त विचारा.

एक मात्र लक्षात ठेवा. कंबरदुखीसोबत पायातली ताकद गेली किंवा लघवी-संडासवरचा ताबा सुटला, तर व्यायाम करत बसू नका, तडक हॉस्पिटल गाठा.

बाकी, दुखणं थांबलं म्हणून व्यायाम थांबवू नका. रोजची पंधरा-वीस मिनिटं गेली तरी चालतील, पण कंबर धरली तर अख्खी पाळी बुडते.