बंद पडलेले यंत्र आणि आम्ही

माजी विद्यार्थ्यांनी मैदानासाठी दिलेले, बसून चालवायचे गवत कापणी यंत्र तीन पावसाळे शेडमध्ये पडून होते. दोष आमचाच. ते भंगारात काढण्याचे ठरत असताना, कारण शोधल्याशिवाय निकाल देऊ नये म्हणून आम्ही ते उघडले.

अशा यंत्राला चावी लावण्याची घाई करू नये. प्रथम स्पार्क प्लगची वायर काढावी, म्हणजे पात्याजवळ हात असताना इंजिन चुकून सुरू होत नाही. इंजिनच्या झाकणाखाली उंदरांनी घरटे केले होते. ते तसेच राहते, तर हवा अडून इंजिन तापले असते. पेट्रोल दीर्घकाळ साठून राहिले की त्यातील हलके घटक उडून जातात, चिकट थर उरतो आणि कार्बोरेटरची सूक्ष्म छिद्रे बुजतात. आम्ही जुने पेट्रोल काढले, कार्बोरेटर साफ केला, फिल्टर, ऑइल व प्लग बदलले, १२ व्होल्टची बॅटरी चार्ज केली.

तरीही इंजिन सुरू होईना. चालक आसनावर नसेल तर सुरक्षा-स्विच इंजिन चालू देत नाही. त्याच स्विचची वायर गंजली होती. स्विच वगळून वायर थेट जोडण्याचा सल्ला मिळाला, तो आम्ही नाकारला. मुले खेळतात त्या मैदानावर अशी पळवाट परवडणारी नाही. वायर बदलली आणि इंजिन सुरू झाले.

आता हंगाम संपताच टाकी रिकामी करून बॅटरी काढून ठेवतो. देणगीचा मान स्वीकारताना नव्हे, सांभाळताना राखला जातो, हे आम्ही उशिरा शिकलो.