शंभर महिन्यांच्या भाड्यात अख्खी चाळ

खासगी मालमत्तेबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये दिलेल्या निकालाचे मथळे वाचून मुंबईतल्या जुन्या इमारतींच्या मालकांनी पेढे वाटले असतील, तर जरा घाईच केली. ‘सरकारला आता कुणाचीही खासगी मालमत्ता घेता येणार नाही’ असा निरोप तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत होता. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींपैकी एकानेही तसे म्हटलेले नाही.

खटला मुळात चाळींचा. १९८६ साली राज्य सरकारने म्हाडा कायद्यात आठ-अ हे प्रकरण घातले. उपकरप्राप्त इमारतीतल्या ७० टक्के रहिवाशांनी सहकारी संस्था काढून मागणी केली, तर इमारत जमिनीसकट संपादित करून त्यांच्या हवाली करण्याची त्यात सोय आहे. मालकाला भरपाई मासिक भाड्याच्या शंभरपट.

शंभरपट हा शब्द मोठा भारदस्त. पण १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने मुंबईतली जुनी भाडी १९४० च्या पातळीला बांधून टाकली, ती नंतरही फारशी हलली नाहीत. समजा, गिरगावात वीस खोल्यांची चाळ आहे आणि खोलीमागे भाडे शंभर रुपये. महिन्याचे झाले दोन हजार, भरपाई दोन लाख. तेवढ्यात आज गिरगावात गाडी उभी करण्यापुरती जागा मिळायची नाही. त्याच चाळीतली एकेक खोली मात्र पागडीवर लाखोंना हात बदलते!

भाडेकरूंची बाजूही खोटी नाही. मालक डागडुजीला हात लावत नाही, भिंती फुगतात, जिने टेकू लावून उभे असतात. २०१७ च्या ऑगस्टअखेरीस भेंडीबाजारातली हुसैनी इमारत कोसळली आणि तीसहून अधिक माणसे गेली. फक्त असल्या भाड्यात गिलाव्याचा तरी खर्च निघतो का, हा प्रश्न आजवर एकाही सरकारने मनावर घेतलेला नाही. भाडेकरूंची मते मालकांपेक्षा जास्त आहेत, एवढे कारण पुरेसे असावे.

भाडे वाढवणे राजकीयदृष्ट्या अंगाशी आले असते, म्हणून सरकारने घटनेचा आधार घेतला. समाजाची भौतिक साधनसंपत्ती सर्वांच्या हितासाठी वाटली जावी, असे अनुच्छेद ३९-बी सांगतो. त्यासाठी केलेल्या कायद्याला समानतेच्या हक्काखाली आव्हान देता येत नाही, ही ३१-सीची ढाल. साधनसंपत्तीत खासगी मालकीचीही आली, हे मत न्या. कृष्णा अय्यर यांनी १९७७ मध्ये मांडले. सातपैकी तिघांचे ते मत, पण १९८२ च्या कोळसा खटल्यात तेच प्रमाण ठरले. आठ-अ प्रकरणाला आव्हान देणाऱ्या मालकांना मुंबई उच्च न्यायालयाने १९९१ मध्ये परत पाठवले. ते दिल्लीला गेले १९९२ मध्ये. तिथे प्रकरण पाच न्यायमूर्तींकडून सातांकडे, २००२ मध्ये नऊ जणांकडे गेले आणि पुढची बावीस वर्षे पडून राहिले.

तेव्हाचे सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या बहुमताच्या निकालाने अय्यर यांचे मत बाजूला सारले. प्रत्येक खासगी वस्तू समाजाची साधनसंपत्ती नव्हे. काही वस्तू मात्र असू शकतात, आणि ते ठरवताना साधनाचे स्वरूप, त्याचा तुटवडा, समाजावरचा परिणाम आणि ते मोजक्या हातांत एकवटल्याने काय होते, हे पाहायचे. न्या. सुधांशू धुलिया यांनी याला असहमती नोंदवली. न्या. नागरत्ना यांनी बहुमताच्या निकालातल्या अय्यर यांच्यावरच्या टीकेला हरकत घेतली, ती रास्तच म्हणायची. ज्या काळात खाणी आणि बँका सरकारजमा होत होत्या, त्या काळातल्या न्यायाधीशाला २०२४ ची फूटपट्टी लावण्यात काय हशील?

रस्ता, धरण, रेल्वे यांसाठीचे भूसंपादन या निकालाने थांबत नाही. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून काढला. उरला तो अनुच्छेद ३००-ए, म्हणजे कायद्याच्या आधाराशिवाय मालमत्ता घेता येणार नाही, एवढी हमी. त्या हमीत काय काय येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ च्या मे महिन्यात कोलकाता महापालिकेच्या खटल्यात सांगितले. नोटीस, म्हणणे ऐकून घेणे, कारणांसह निर्णय, सार्वजनिक हेतू, रास्त भरपाई, कार्यक्षम आणि मुदतीत कारवाई, आणि शेवटी रीतसर ताबा. ज्याच्या सातबाऱ्यावर संपादनाची टांगती तलवार आहे, त्याने नऊ न्यायमूर्तींच्या निकालापेक्षा हा निकाल घरात जपून ठेवावा.

चाळींचे काय? आठ-अ प्रकरण वैध की अवैध, हे नऊ जणांनी ठरवलेलेच नाही. तो निर्णय आता दुसऱ्या पीठाने करायचा आहे. तोवर शंभरपट भाड्याचे कलम कायद्यात जसेच्या तसे आहे.